मशरूमच्या खोलीतली हवा आणि ओलावा: खान्देशातल्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या लॉटला मशरूम आलेच नाहीत, सांबराची शिंगं आली. खरंच सांगतो. चाळीस पिशव्या टांगलेल्या, सप्टेंबर महिना, आणि पिशवीच्या छिद्रांतून वीत वीत लांब पांढरे दांडे बाहेर आलेले, वर टोपी म्हणाल तर शर्टाच्या बटणाएवढी. मी बियाणं देणाऱ्याला फोन करून भांडलो. तो बिचारा शांतपणे विचारतोय भाऊ खोलीत हवा खेळते का, आणि मी म्हणतोय हवा कशाला पाहिजे, ओलावा बघा ना, पंच्याण्णव टक्के धरून ठेवलाय, दार खिडकी सगळं प्लास्टिक लावून सील केलंय. आजी दारातून डोकावून म्हणे, "पोरा, हाई काय करी राहिना तू?" तिला जे लगेच दिसलं ते मला कळायला दीड महिना लागला. खोली कोंदट झाली होती, बस एवढंच.

तर हा लेख धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम घरातल्या एखाद्या खोलीत लावणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांसाठी, कारण आपल्याकडचा उन्हाळा डोंगरावरच्या माणसाच्या पुस्तकात नसतो. बियाणं कुठून आणायचं, काड कसं उकळायचं हे इथे नाही. फक्त हवा आणि पाणी. यात एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट ओढतात. ताजी हवा आत घेतली की ओलावा जातो, ओलावा धरून ठेवला की हवा शिळी होते. मग करायचं काय, तर आधी हवेचं ठरवायचं आणि तिच्यामुळे जेवढं पाणी उडालं तेवढं भरून काढायचं. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, मीही तेच केलं.

खोली कोणती घ्यायची

मातीचं धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. आमची मागची खोली तशीच आहे, १० बाय १२, उंची ९ फूट, दोन फुटी भिंती, वर धाबं. दुपारी बाहेर अंगार असतो आणि आत माठाच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. लोक अशी घरं पाडून स्लॅब टाकतात आणि मग मशरूमसाठी एसी बघत फिरतात.

पत्र्याचं शेड असेल तरी जमतं पण मेहनत आहे. पत्र्यावर चुना मारायचा, त्यावर कडब्याचा किंवा केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर टाकायचा, आणि वर हिरवी शेडनेट थोडी उंचावर, पत्र्याला चिकटवायची नाही. आतून पत्र्याखाली प्लास्टिक ताणायचं आणि ते उतरतं ताणायचं बरं का, सपाट नाही. कारण सांगतो. २६ अंश तापमानाला ९० टक्के ओलावा असलेली हवा साधारण २४ अंशाच्या थंड पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. हिवाळ्यात रात्री पत्रा २४ च्या कितीतरी खाली जातो, म्हणजे रात्रभर पत्र्यातून टपटप, आणि ते थेंब बरोबर मशरूमच्या टोपीवर. सकाळी टोपीवर पिवळे डाग, हात लावला तर चिकट. हा बॅक्टेरियाचा रोग आहे, औषध नाही, तोडून फेकायचं. प्लास्टिक उतरतं असलं तर थेंब घरंगळत भिंतीकडे जातात, बाकी काही नाही.

राहत्या घरातली झोपायची खोली या कामाला घेऊ नका. धिंगरीचे बीजाणू बारीक धुळीसारखे उडतात आणि काही लोकांना त्याचा खोकला, दमा, ताप येण्यापर्यंत त्रास होतो. त्यावर पुढे येतोच.

मोजायचं कसं, कारण अंदाजाने होत नाही

बाजारात दीड-दोनशे रुपयांत तापमान आणि ओलावा दाखवणारा डिजिटल मीटर मिळतो. घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. माझा मीटर ८४ दाखवायचा तेव्हा खरं ७५ होतं, म्हणजे मी नऊ टक्क्यांनी फसत होतो आणि टोपीच्या कडा का वाळतात म्हणून डोकं खाजवत होतो.

हे कळलं कसं, तर मिठाने. घट्ट झाकणाचा एक डबा घ्या, त्यात बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधं मीठ टाका आणि थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगायला नको. शेजारी मीटर ठेवा, मिठाला चिकटू देऊ नका, झाकण लावा आणि रात्रभर विसरून जा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुण आहे, सगळीकडे सारखाच. सकाळी मीटर ७५ च्या जवळ दाखवत असेल तर चांगला. ८४ दाखवत असेल तर मीटरच्या पाठीवर मार्करने "९ वजा" लिहून टाका, काम चालतं. दर दोन महिन्यांनी परत तपासा, कारण सतत ओलाव्यात राहून सेन्सर बिघडतो आणि मग खोली कोरडी असली तरी ९९ वर अडकून बसतो.

दुसरा जुना उपाय मला जास्त आवडतो. काचेचे दोन साधे थर्मामीटर शेजारी शेजारी टांगा, एकाच्या बुडाला मलमलचं कापड गुंडाळा आणि कापडाचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. कापडातलं पाणी उडतं तसा तो थर्मामीटर थंड होतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त. कोरडा २६ आणि ओला २५ असेल तर ओलावा ९२ टक्क्यांच्या आसपास. ओला २४ असेल तर ८५. ओला २३ असेल तर ७८, आणि २२ असेल तर ७१. म्हणजे आपल्याला दोघांत एक ते दोन अंशाचा फरक पाहिजे, तीन झाला की पाणी मारायची वेळ. वाचायच्या आधी पुठ्ठ्याने जरा वारा घाला. बॅटरी नाही, बिघाड नाही, फक्त कापड पंधरा दिवसांनी बदलायचं कारण आपल्या बोअरच्या पाण्याने ते कडक होतं.

मीटर कुठे लावता तेही बघा. दाराजवळ नाही, फॉगरच्या म्हणजे धुकं फवारणाऱ्या नोझलच्या तोंडाखाली नाही, पिशव्यांच्या मधोमध आणि पिशवीच्याच उंचीला. मी तर दोन लावलेत, एक खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि एक वरच्या दोरीला, आणि दोघांत तीन-चार अंशाचा फरक बघून पहिल्यांदा कळलं की एका खोलीत दोन हवामानं असतात.

पिशवी भरल्यापासून दोन वेगळे काळ

पहिले १५ ते २० दिवस पिशवीत बुरशी पसरते, काड पांढरं होतं. या काळात तिला ताज्या हवेचं फारसं पडलेलं नसतं, उलट कोंडलेली हवा चालते. खोलीत पाणी मारायची गरज नाही, पिशवीच्या आत तिचं स्वतःचं पाणी आहे, खोली ७० ते ८० टक्क्यांवर असली तरी पुष्कळ. फक्त तापमान सांभाळा, २५ च्या आसपास. आणि इथे एक फसवणूक आहे. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे खोली २८ दाखवत असेल तेव्हा पिशवीच्या पोटात दोन-तीन अंश जास्त असतं. पिशव्या गंजीसारख्या एकावर एक रचल्या तर मधल्या शिजतात आणि मग हिरवी बुरशी येऊन बसते. दोन पिशव्यांत हात आरामात जाईल एवढी जागा ठेवा.

पिशवी पूर्ण पांढरी झाली, छिद्रं पाडली किंवा प्लास्टिक काढलं, की दुसरा काळ सुरू. आता सगळं उलटं. ओलावा ८५ ते ९० टक्के, ताजी हवा भरपूर, आणि पेपर वाचता येईल एवढा उजेड, ऊन नाही. कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या खाली ठेवा असं सगळे सांगतात, बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. पण ते मोजायचा मीटर महाग, आणि खरं तर लागत नाही, कारण मशरूम स्वतःच मीटर आहे. त्याला वाचायला शिकलात की निम्मं काम झालं.

दांडा लांब आणि टोपी बारीक, म्हणजे हवा कमी. माझी शिंगं तीच. टोपी मोठी व्हायच्या ऐवजी दांड्यातून अजून दांडे फुटले तर हवा फारच कमी. टोपीच्या कडा पिवळट तपकिरी होऊन कडक झाल्या, पापडासारख्या वळल्या किंवा चिरल्या तर ओलावा कमी किंवा पंख्याचा वारा सरळ अंगावर येतोय. टाचणीच्या डोक्याएवढे फुटवे आले आणि तिथेच वाळून गेले तरी तेच कारण, फुटव्यांना वारा अजिबात सहन होत नाही. टोपी ओलीगच्च, पिवळट, वास येतोय, तर पाणी टोपीवर साचून राहतंय. यातली मेख अशी की ओलावा कमी आणि हवा कमी हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. तेव्हा आधी हवा दुरुस्त करा, मग पाणी वाढवा. आधी पाणी वाढवलंत तर रोग बोलावलात.

हवेची वाट काढायची

खोलीला दोन भोकं पाहिजेत, एक हवा आत यायला आणि समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट. दोन्ही एकाच भिंतीत किंवा शेजारी शेजारी असली तर हवा जवळच्या वाटेने येते आणि निघून जाते, कोपऱ्यातल्या पिशव्यांना तिचा पत्ताही लागत नाही. वाट तिरकी पाहिजे, एका टोकाला वर तर दुसऱ्या टोकाला खाली. हवा आत घेणारं भोक सावलीच्या बाजूला ठेवा, शक्य असेल तर उत्तरेला. गोठ्याच्या किंवा उकिरड्याच्या बाजूला तर नकोच, माश्या तिथूनच येतात.

पंखा किती मोठा? हिशेब सोपा आहे. माझी खोली १० गुणिले १२ गुणिले ९ म्हणजे १०८० घनफूट, मीटरमध्ये साधारण ३० घनमीटर. पंख्यात तासाला सहा वेळा हवा बदलायची ताकद पाहिजे म्हटलं तर ३० गुणिले ६, म्हणजे तासाला १८० घनमीटर हवा ओढणारा पंखा पुरतो. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, काहींवर सीएफएममध्ये म्हणजे मिनिटाला किती घनफूट असा असतो, १८० घनमीटर म्हणजे साधारण १०६ सीएफएम. जाळीमुळे पंखा कमी ओढतो म्हणून दीडपट धरून चला. स्वयंपाकघरातला छोटा एक्झॉस्ट माझ्या खोलीला भरपूर होतो, मोठा आणून मी एकदा अख्खी खोली वाळवली आहे. आत येणारं भोक पंख्याच्या तोंडापेक्षा दीडपट-दुप्पट मोठं ठेवा, नाहीतर पंखा नुसता घरघरतो.

दोन्हीकडे जाळी पाहिजेच. साधी मच्छरजाळी पुरत नाही, बारीक माश्या त्यातून आरामात येतात, ४० मेशची म्हणजे इंचाला चाळीस भोकांची जाळी घ्या. ती महिन्यातून एकदा धुवा, बीजाणू आणि धूळ बसून ती पुठ्ठ्यासारखी होते आणि आपण म्हणतो पंखा बिघडला.

पंखा सतत चालू ठेवायचा नाही. टायमर लावा, अर्ध्या तासात पाच ते दहा मिनिटं. सुरुवात पाचने करा, दांडा लांब दिसला तर दोन-दोन मिनिटांनी वाढवा, कडा वाळल्या तर कमी करा. दिवसाला एकच बदल. मी एका दिवशी पंखा पण वाढवायचो, फॉगर पण, आणि खिडकी पण उघडायचो, मग काय कशामुळे सुधारलं कळायचंच नाही.

आता उदबत्तीची गंमत. पंखा चालू करून दार लावा, उदबत्ती पेटवा आणि ती प्रत्येक कोपऱ्यात, दोन पिशव्यांच्या मधे, खालच्या दोरीच्या पातळीवर धरून धूर कुठे जातो ते बघा. बाकी लाईट बंद आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की धुराची रेघ स्पष्ट दिसते. माझ्या खोलीत सगळीकडे धूर हळूहळू एक्झॉस्टकडे वाहत होता, आणि दारामागच्या कोपऱ्यात मात्र सरळ वर जाऊन तिथेच घुटमळत होता, आणि बरोबर त्याच कोपऱ्यातल्या सहा पिशव्यांना प्रत्येक तोड्याला शिंगं यायची. एक छोटा टेबलफॅन आणला, तोंड भिंतीकडे केलं म्हणजे वारा भिंतीला आपटून पसरतो, पिशव्यांवर सरळ जात नाही. पुढच्या तोड्याला त्या सहा पिशव्यांनी पण नीट टोप्या दिल्या. दहा रुपयांच्या उदबत्तीने जे केलं ते माझ्या मीटरने नव्हतं केलं.

पाणी कसं द्यायचं

लोकांना वाटतं खोलीत ओलावा म्हणजे बादल्यांनी पाणी. हिशेब केला तर हसू येईल. माझ्या ३० घनमीटरच्या खोलीत २५ अंशाला ८५ टक्के ओलावा असताना हवेत वाफ म्हणून जे पाणी आहे ते जेमतेम ६०० मिली, पाण्याची अर्धी बाटली आणि वर एक पेला. मे महिन्यात बाहेरची कोरडी हवा एकदा पूर्ण आत आली की त्यातलं साधारण ३०० मिली भरून काढावं लागतं. तासाला सहा वेळा हवा बदलली तर दोन लिटरच्या आसपास. म्हणजे प्रश्न पाणी किती हा नाहीच, ते बारीक होऊन हवेत मिसळतंय की थेंब होऊन पिशवीवर पडतंय हा आहे.

पाच-दहा पिशव्या असतील तर हातपंप आणि ओलं बारदान पुरतं. जमिनीवर वाळूचा दोन-तीन इंच थर टाका आणि तो ओला ठेवा, आत येणाऱ्या भोकावर ओलं बारदान सैल सोडा, म्हणजे हवाच ओली होऊन येते. भिंतीवर आणि जमिनीवर पाणी मारा, पिशव्यांवर नाही.

त्यापुढे फॉगर. आपल्याकडे ठिबकच्या दुकानात चार तोंडांचे फॉगर सहज मिळतात, प्रत्येक तालुक्याला दुकान आहे, जळगाव जिल्ह्यात ठिबकची कमी नाही. पण त्यांना साधारण चार किलोचा दाब लागतो, टाकीच्या पाण्यावर लावले तर धुकं नाही, पाऊस पडतो. छोटा बूस्टर पंप घ्या आणि त्याआधी फिल्टर. दुसरी गोष्ट, आपलं बोअरचं पाणी जड. नोझल पंधरा दिवसांत पांढरं पडतं आणि एका बाजूने चिरकांडी मारायला लागतं. किराणा दुकानातलं लिंबूफूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात टाकून नोझल रात्रभर भिजत ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. पिनने टोचू नका, भोक मोठं होतं. अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर घेतला असेल तर बोअरचं पाणी त्यात घालूच नका, सगळे क्षार धुक्याबरोबर उडून टोपीवर पावडरसारखे बसतात. आरओचं नाहीतर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

क्रम लक्षात ठेवा, आधी पंखा, मग फॉगर. पंखा बंद झाला की लगेच वीस-तीस सेकंद धुकं, आणि थांबा. धुकं बसल्यावर टोपीवर चमक दिसली तरी ती अर्ध्या-एक तासात वाळली पाहिजे. दोन तासांनी पण टोपी ओलीच असेल तर पाणी जास्त होतंय. तोडणीच्या आधी चार-पाच तास फॉगर बंद ठेवा, ओला माल पिशवीत भरला की संध्याकाळपर्यंत वास मारतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि वायरिंगचं काम स्वतः जुगाड करून करू नका. बोर्ड खोलीच्या बाहेर काढा, ईएलसीबी म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच बसवून घ्या. ओली जमीन, ओले हात आणि लोंबणारा होल्डर, यात गंमत नाही.

आपल्या हवेचं गणित, अखाजीपासून भरितापर्यंत

इथेच बाहेरचे व्हिडिओ बघून लोक फसतात. सगळ्यांना वाटतं मे महिन्यात मशरूम शक्यच नाही आणि पावसाळ्यात हमखास. माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की भुसावळ-जळगावकडे पारा ४३ च्या पुढे जातो आणि दुपारी हवेत ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास राहतो. अंगाची लाही होते, पण कूलरसाठी ही हवा सोन्यासारखी, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि तेवढीच हवा थंड होते. ४३ अंश आणि १५ टक्के अशी हवा ओल्या पॅडमधून गेली तर थिअरीने २२ पर्यंत जाऊ शकते. आपला डेझर्ट कूलर तेवढं करत नाही, पॅड चांगला असेल तर २७-२८ ला आणतो. धाब्याच्या खोलीत तेवढं धिंगरीला चालून जातं. आणि कूलर एकाच वेळी थंडावा देतो, ओलावा देतो, ताजी हवा देतो, तिन्ही कामं. फक्त तो खिडकीत बाहेरून लावायचा, बाहेरची हवा ओढणारा. खोलीच्या आत ठेवून फिरवला तर तीच ओली हवा गोल फिरते, तासाभरात थंडावा संपतो आणि नुसता चिकचिकाट उरतो. हवा बाहेर जायला समोर जागा ठेवा, आणि कूलरच्या झोताच्या पुढे बारदानाचा पडदा लावा म्हणजे झोत सरळ पिशव्यांवर जात नाही. कूलरचं पाणी दोन दिवसांनी पूर्ण बदला, वास आलेलं पाणी म्हणजे बॅक्टेरियाची फवारणी. नवतपाचे म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस मात्र मी सोडून देतो. लाईट गेली की दोन तासांत लॉट जातो, आणि दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी घरावरून दिसत असली तरी आमची लाईट जायची तशी जातेच.

मृग लागला की खेळ बदलतो. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर कूलर कितीही चालवा, जेमतेम दोन अंश खाली येतो, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली आहे. आता फॉगर जवळजवळ बंद करा आणि पंखा वाढवा. पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो म्हणून लोक खुश होतात आणि मग हिरवी बुरशी, डाग, माश्या सगळे पाहुणे एकदम येतात. या दिवसांत माझा पंखा अर्ध्या तासात पंधरा मिनिटं चालतो. पोळ्यापर्यंत असंच.

ऑक्टोबर हीट फसवी. दुपारी ३६ आणि ओलावा पस्तीस टक्के, म्हणजे कूलर परत कामाला येतो, पण पहाटे गारवा. दिवसा एक सेटिंग, रात्री दुसरं. पहिल्या वर्षी मी दिवसाचंच टायमिंग रात्री चालू ठेवलं आणि सकाळी पिशव्या दवात भिजल्यासारख्या.

मग भरिताचे दिवस, डिसेंबर-जानेवारी. शेतात भरीत पार्ट्या चालू असतात आणि मशरूमवाल्यांना वाटतं आता आपलं राज्य. बरंचसं खरं आहे, पण पहाटेचा पंखा सांभाळा. बाहेर १० अंश, ओलावा ७० टक्के, वाटतं छान ओली हवा आत येतेय. तीच हवा खोलीत येऊन २२ अंशाला तापली की तिचा ओलावा ३३ टक्क्यांवर येतो, पाणी तेवढंच, पण गरम हवेची तहान मोठी. फुटवे एका रात्रीत करपतात. म्हणून हिवाळ्यात हवा बदलायचं मुख्य काम दुपारी ११ ते ४ मध्ये उरकून घ्या, रात्री अगदी थोडं, आणि प्रत्येक वेळेनंतर धुकं.

लाईट गेली तर

घाबरू नका, नवतपा सोडला तर एक-दोन तासांनी काही होत नाही. उन्हाळ्यात दार बंद ठेवा, जमिनीवर पाणी मारा, भोकावरचं बारदान ओलं करा. पावसाळ्यात उलटं, दोन्ही भोकं आणि दार उघडून जाळीचा पडदा सोडा, हवा आपोआप फिरते. छोटा एक्झॉस्ट आणि टेबलफॅन इन्व्हर्टरवर चालतात, कूलरचा पंप पण चालतो, पण एकदम सगळं लावू नका.

मास्क

टोपीच्या कडा वर वळायला लागल्या की बीजाणू सुटतात, सकाळी टॉर्च मारला तर हवेत धुरासारखं तरंगताना दिसतं. त्याच्या आधीच तोडा, कडा अजून खाली वळलेल्या असताना, वजन पण तेव्हाच चांगलं भरतं. तोडायला जायच्या आधी दहा मिनिटं पंखा चालवा आणि चांगला एन-९५ घाला, रुमाल नाही. मी पहिलं वर्ष रुमालावर काढलं आणि संध्याकाळी अंग मोडून यायचं, थंडी वाजायची, मला वाटायचं मलेरिया आहे. मास्क लावल्यापासून बंद. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी तोडणीला दुसऱ्याला पाठवावं.

दोन तोड्यांच्या मधे आठ-दहा दिवस पिशवी आराम करते, तेव्हा पंखा आणि पाणी दोन्ही थोडं कमी केलं तरी चालतं, नवीन फुटवे दिसले की परत जुन्या टायमिंगवर या. तिसरा तोडा झाला की पिशव्या लांब खड्ड्यात न्या, खोलीच्या बाहेर ढीग लावू नका. मग वाळू बाहेर काढून उन्हात वाळवा, भिंतींना चुना द्या, जाळ्या धुवा, आणि दोन्ही भोकं उघडी टाकून खोली तीन-चार दिवस कडकडीत वाळू द्या. नवीन लॉट भरायच्या आदल्या रात्री मीटर परत मिठाच्या डब्यात ठेवायला विसरू नका, माझ्या मीटरवर आता "११ वजा" लिहिलंय.